मला हे आवडलं का?

गेल्या सुट्टीत भाच्यासाठी रिमोटवर चालणारी गाडी नेली होती. चांगली दणकट, पुढे-मागे दिवे लागणारी, उलटी पडली तरी आपली आपण सरळ होणारी. कागद टराटरा फाडून झाला, खोका उघडला, थर्माकोलचे दाणे सतरंजीभर उधळले आणि नव्या प्लॅस्टिकचा तो उग्र, किंचित गोडसर वास खोलीत पसरला. सगळ्यांचे डोळे त्याच्या चेहऱ्यावर. त्याने गाडी दोन्ही हातांत धरली, उलटी करून तिचं पोट बघितलं, एक चाक बोटाने फिरवलं आणि मग आईकडे वळून अगदी सरळ विचारलं, "आई, मला हे आवडलं का?"

एकच हशा झाला. भाऊ तर पोट धरून हसला. भावजय ओशाळली. "असं विचारतात का रे? खूप आवडलं म्हणावं. आत्याला थँक्यू म्हण बघू." तो म्हणाला. मग गाडी सुरू झाली, सोफ्याखाली गेली, टेबलाच्या पायावर आदळली, आणि त्या गलक्यात प्रश्न विरून गेला. मीही सगळ्यांबरोबर हसले होते. पण पुढे कितीतरी दिवस, भांडी पुसताना, सिग्नलला उभी असताना, तो प्रश्न मधूनच डोकं वर काढायचा. कारण पोरगा गंमत करत नव्हता. मुलाला थंडी वाजतेय की नाही हे जसं आई ठरवते आणि स्वेटर घालते, तसंच आवडण्याचंही काहीतरी असणार, असा त्याचा समज झाला होता. आणि तो आम्हीच करून दिलेला. आजवर त्याच्या हातात आलेल्या प्रत्येक वस्तूमागोमाग कुणी ना कुणी म्हणालंच आहे, "आवडलं ना? बघा, कित्ती आवडलं त्याला!" निकाल कायम दुसऱ्यांनीच लावलेला.

कॅरोलिन सार्नी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. सहा, आठ आणि दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांकडून एक लहानसं काम करून घेतलं आणि त्याबद्दल चांगलं बक्षीस दिलं. पुढच्या खेपेला तसंच काम करून घेतलं, पण हातात ठेवलं अगदी तान्ह्या बाळाचं खेळणं. आणि मग मुलांचे चेहरे टिपले. मोठी मुलं, त्यातही मुली, हसून वेळ निभावून नेत होती. लहान मुलं, त्यातही मुलगे, पडलेला चेहरा लपवू शकत नव्हती. म्हणजे भेट घेताना हसायचं असतं हे शिकावं लागतं, आणि मुलींना ते जरा लवकरच शिकवलं जातं. (हे वाचताना मला माझे कितीतरी वाढदिवस आठवले.) आमचे भाचेबुवा त्या प्रयोगातल्या सगळ्यांत लहान मुलांपेक्षाही लहान. खोटं हसणं त्याला अजून जमत नाही, पण आपल्याकडून काहीतरी अपेक्षित आहे एवढं कळायला लागलंय. त्या मधल्या फटीतून तो प्रश्न आला होता. आणखी वर्षभराने तो विचारणार नाही. नुसता हसेल, आणि मला काही म्हणजे काही कळणार नाही.

आता पुन्हा सुट्टी तोंडावर आली आहे आणि मी पुन्हा खेळण्यांच्या दुकानात उभी आहे.

या दुकानांत मोठ्या माणसाला उभं राहायचीच चोरी. रंगांनी डोळे दिपतात. कुठल्यातरी खोक्याचं "ट्राय मी" असं लिहिलेलं बटण कुणाच्या तरी कोपराने दाबलं जातं आणि तो खोका बोलायला लागतो, मग शेजारचा रडायला लागतो. खोक्यांच्या कोपऱ्यात वयाचे आकडे असतात, ३+, ५+, ८+, आणि त्यांच्याकडे बघून आत्या-मामा-काका मंडळी एक हमखास हिशेब करतात: आमचं पोरगं हुशार आहे, पाचचं असलं तरी आठचं घेऊ. मीही तसंच समजत असे. भावजयीने माझा गैरसमज काढला. तीनचा तो आकडा मुख्यतः बुद्धीचा नसतो, घशाचा असतो. खेळणं तपासणारे एक छोटी नळी वापरतात, साधारण ३२ मिलिमीटर व्यासाची. तीन वर्षांखालच्या मुलाचा घसा पूर्ण ताणला तर जेवढा होईल, त्या अंदाजाची. खेळण्याचा सुटा भाग त्या नळीत पूर्ण मावला की ते खेळणं तीनच्या आतल्या मुलांचं नाही. मूल कितीही हुशार असो. आणि आता त्या घरात भाच्याची बहीण रांगायला लागली आहे. जमिनीवर सापडेल ते सगळं तिच्या तोंडात. म्हणजे मी भाच्यासाठी घेते खरी, पण खेळणं पास करणार ती.

भावजय आणखीही एक करते. कुठलंही खेळणं घरात आलं की स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसते आणि आधी सेलचं झाकण तपासते. झाकणाला स्क्रू नसेल आणि आत ते चपटं, नाण्यासारखं बटण-सेल असेल, तर खेळणं तडक कपाटावर. पहिल्यांदा मला हे जरा अतिच वाटलं होतं. मग तिने समजावलं. २० मिलिमीटरचा लिथियम सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर तिथल्या ओल्या अस्तरातून वीज वाहायला लागते, तिथे तीव्र अल्कली तयार होतं आणि दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. सेल फुटावा लागत नाही, गळावा लागत नाही. हे सगळं तिने कणीक मळल्यासारख्या शांत आवाजात सांगितलं, आणि त्या दिवसापासून दिवे लागणाऱ्या, गाणाऱ्या, फुकटच्या किचेनसकट सगळ्या चिल्लर वस्तू माझ्या यादीतून गेल्या.

मग उरतं काय? उरतं पुष्कळ. पण त्यातलं नेमकं त्याचं कुठलं, ते मला माहीत नाही. खरी अडचण तीच आहे.

जोएल वॉल्डफोगेल नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ साली आत्यांच्या जातीवर मोठाच अन्याय केला. त्याने आपल्या विद्यार्थ्यांना विचारलं, सणासुदीला मिळालेल्या भेटी देणाऱ्याला केवढ्याला पडल्या असतील, आणि तुम्ही स्वतः त्यासाठी किती मोजले असते? उत्तरांवरून हिशेब निघाला की भेटीच्या किमतीतला दहावा हिस्सा ते एक तृतीयांश हिस्सा वाऱ्यावर जातो. मित्रांच्या आणि प्रियजनांच्या भेटी त्यातल्या त्यात नेमक्या बसतात. सर्वांत वाया जातात त्या दूरच्या नातलगांच्या, म्हणजे आमच्या. त्या हिशेबात त्याने भावनिक मूल्य वगळायला सांगितलं होतं. हे वाचून मी आधी उसळले, की ते वगळलं तर भेटीत उरलं काय? पण मग गाडी आठवली. आत्याच्या भावना आत्याकडे. पोराच्या हातात गाडी होती, आणि ती घेताना मी मनात ज्या मुलाला डोळ्यांसमोर धरलं होतं तो आदल्या सुट्टीतला मुलगा होता. घरभर "घुर्रर्र" करत पळणारा. मधल्या काळात तो मुलगा निघून गेला होता आणि हे मला कुणी कळवलं नव्हतं.

लांब राहणाऱ्यांचं हेच होतं. रोज बघणाऱ्याला मूल वाढताना दिसत नाही म्हणतात, आम्हाला तर ते उड्या मारत वाढताना दिसतं, आणि प्रत्येक उडीत आम्ही मागे. व्हिडिओ कॉलवर मला काय दिसतं? अर्धं कपाळ, छताचा पंखा, एक पडलेला दात दाखवायला कॅमेऱ्यात घुसवलेलं तोंड. भावाला विचारावं, सध्या त्याला काय आवडतं, तर ठरलेलं उत्तर: "त्याला काय गं ताई, सगळंच आवडतं." बापांचं हे उत्तर जगभर एकच असावं.

मधे त्याचा डायनासोरांचा काळ होता. तेव्हा मी मोठ्या हौसेने एक सेट पाठवला होता, खोक्यावर टी-रेक्स आणि स्टेगोसॉरस एकमेकांवर झडप घालताना. फोनवर त्याने मला सुनावलं, "आत्या, हे दोघं कधी भेटलेच नाहीत." मला वाटलं, पोराचं काहीतरी. शोधलं तर पोराचं खरं. स्टेगोसॉरस साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीचा, टी-रेक्स ७ कोटींच्याही अलीकडचा. म्हणजे टी-रेक्स काळाने स्टेगोसॉरसपेक्षा आपल्या जवळचा. हे असलं अंतर पोटात घेऊन तो मुलगा पाळणाघरात जात होता आणि मी त्याला त्याच्या मते चुकीचा खोका पाठवून निवांत बसले होते. गंमत म्हणजे तो सेट त्याला आवडला. त्याने दोघांना दोन खोल्यांत ठेवलं, एक स्वयंपाकघरात, एक गॅलरीत. मधला बोळ म्हणजे ८ कोटी वर्षं. तो ओलांडायला मनाई.

खोका चुकीचा होता म्हणून तो खेळ झाला, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

माझ्या लहानपणी एका मामाने भिंग दिलं होतं. काळ्या दांड्याचं, जरासं ओरखडे पडलेलं, बहुधा त्याच्या टेबलावरचंच उचलून आणलेलं. सोबत वेष्टन नाही, काही नाही. "घ्या" म्हणाला आणि आईशी बोलायला आत गेला. त्या भिंगाने मी आणि भावाने मुंग्यांचे जबडे बघितले, एकमेकांचे दात बघितले, नोटेवरची बारीक अक्षरं वाचली, अंगणात वर्तमानपत्राला भोक पाडलं. कागद आधी तपकिरी होतो, मग काळी कड सरकत जाते आणि मग धुराची एक सुतासारखी रेघ. तो वास अजून नाकात आहे. पाठीत धपाटाही आठवतो. त्याच मामाच्या बाकी भेटी काय होत्या, एक धड आठवत नाही, आणि त्याने त्या चांगल्या विचार करून आणल्या असणार. भिंग आपणहून काहीच करत नाही. त्याला बटण नाही, ते बोलत नाही. ते हातात आलं की बाकीचं जग कामाला लागतं. माझी गाडी नेमकी याच्या उलट होती, सगळं तीच करत होती. पोराला करायला ठेवलं होतं काय, तर बघणं.

लहान मुलांच्या हातात काय द्यावं याचा क्रम लावून विचार करणाऱ्यांत जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेलचं नाव आधी घ्यावं लागतं. १८३७ साली जर्मनीत ब्लांकेनबुर्ग गावात त्याने ज्या वस्तू तयार करायला सुरुवात केली, त्यांना तो भेटी म्हणायचा. पहिली भेट लोकरीचे मऊ चेंडू. दुसरी लाकडाचा गोल, दंडगोल आणि घन. तिसरी, आठ छोट्या घनांत सुटा होणारा घन. पुढच्या भेटीही अशाच साध्या. बाकीचं मुलाने करायचं. अमेरिकन वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइटला लहानपणी त्याच्या आईने हे ठोकळे आणून दिले होते, आणि म्हातारपणीही तो त्यांची आठवण काढायचा. अर्थात ठोकळे मिळालेली लाखो मुलं वास्तुरचनाकार झाली नाहीत, हेही आपलं आपण लक्षात ठेवलेलं बरं. त्या घनाकडे बघून मला पटलं ते एवढंच, की तो मोडण्यासाठीच जोडलेला आहे. आमच्याकडे आत्याने आणलेली वस्तू मोडली की आधी घरातल्यांचे चेहरे उतरतात.

अमेरिकेत रॉचेस्टरला खेळाच्या संग्रहालयात नामांकित खेळण्यांचं एक दालन आहे. तिथे २००५ साली पुठ्ठ्याच्या खोक्याला मानाने दाखल करून घेतलं आणि २००८ साली काठीला. खोका खेळण्यापेक्षा जास्त खेळला जातो, हे प्रत्येक आईबाप हसून सांगतात. आत्याला मात्र ते हसून ऐकवत नाही. गाडीच्या खोक्यात भाचा आठवडाभर बसला होता म्हणे.

त्याच्या कपाटाचं दार उघडलं की खेळणी अंगावर येतात. तरी भावजय अर्धी खेळणी माळ्यावरच्या सुटकेसमध्ये ठेवते आणि मधूनमधून अदलाबदल करते. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं, घर आवरता आवरेना म्हणून सुचलं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टोलिडो विद्यापीठातल्या संशोधकांनी ३६ लहानग्यांना कधी चार खेळणी तर कधी सोळा खेळणी देऊन खेळताना बघितलं. चार असताना मुलं एकेका खेळण्याबरोबर जास्त वेळ रमली आणि ते जास्त तऱ्हांनी वापरलं. सुटकेसमधून महिन्या-दोन महिन्यांनी बाहेर आलेल्या जुन्या ट्रकला भाचा "कुठे गेला होतास रे?" म्हणून विचारतो. मी नेलेली गाडी आत्ता तिथे, माळ्यावर आहे. तिला कधी कोण विचारतंय याची मी वाट बघत नाही, असं म्हणणं खोटं ठरेल.

म्हणून नवीन काही न घेता असलेल्यात भर घालावी, असा विचार केला होता. लेगोच्या विटांचं आजचं रूप १९५८ सालचं, आणि तेव्हाची वीट आजच्या विटेत अजून बसते. घरात विटांचा डबा आहेच, आणखी एक पिशवी त्यात ओतायची. शहाणपणाचं, पोटभर, कुणालाही पटण्यासारखं. पण माझं मन तयार होईना. कारण ओतलेल्या विटा कुणाच्या ते दुसऱ्या दिवशी कुणालाच सांगता येणार नाही. मला "हे आत्याने दिलं" ऐकायचं असतं. काही लोक म्हणतात, वस्तू देऊच नका, अनुभव द्या, वेळ द्या. त्यांना पाच वर्षांचं मूल कधी दारात भेटलेलं नसावं. त्याची नजर आधी पिशवीकडे जाते, मग माणसाकडे, आणि त्यात वावगं काही नाही. कागद फाडण्याचा आवाज हाही अनुभवच आहे की.

शेवटी भावाला सोडलं आणि भावजयीला फोन लावला. काय आवडतं असं विचारलंच नाही. विचारलं, "सध्या तो कशापाशी जाऊन उभा राहतो?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "ताई, हसू नका. सिंकखाली." गेल्या महिन्यात घरी प्लंबर आला होता. भाचा त्याच्या शेजारी उकिडवा बसून टॉर्च धरून होता, जेवायलासुद्धा उठला नाही. तेव्हापासून आंघोळीचं पाणी कुठून येतं, कुठे जातं, वरच्यांचं पाणी आपल्या डोक्यावरून जातं का, एवढंच चाललंय. डायनासोर केव्हाच संपले. मी तिला एकच विनंती केली. पिशवी उघडल्यावर त्याला आवडलं का विचारायचं नाही, आणि त्याने विचारलं तर सांगायचंही नाही. ती म्हणाली, "मी नाही विचारणार. तुम्हाला जमेल का?"

खेळण्यांच्या दुकानातून बाहेर पडले आणि सरळ हार्डवेअरच्या दुकानात गेले. काउंटरवर लोखंडाचा, तेलाचा, ओल्या सुतळीचा वास. मी पाइप मागितले, पाइप वळवायचे एल्बो मागितले, तीन तोंडांचे टी मागितले. मालकाने चष्म्यावरून बघत विचारलं, "लाइन कुठून कुठं न्यायचीये?"

"ते अजून ठरायचंय."

"मग प्लंबरला घेऊन या, बाई. मापं चुकतात."

"प्लंबर पाच वर्षांचा आहे."

त्यानंतर त्या माणसाने मला काही ठरवूच दिलं नाही. अर्धा इंची स्वस्त आणि हलके म्हणून त्याने आधी ते काढले. पाइपाचं तोंड बंद करायची एंड कॅप हातात घेतल्यावर मला ती तपासणीची नळी आणि रांगणारी भाची आठवली. अर्ध्या इंचाची कॅप त्या नळीत आरामात मावली असती. एक इंची द्या म्हटलं. कारण सांगितल्यावर त्याने मान डोलावली आणि सगळा माल बदलला. पाइपाचे वीत-वीतभर, हात-हातभर तुकडे कापले आणि प्रत्येकाच्या कडा पॉलिश पेपरने घासून दिल्या, "हाताला लागतात" म्हणाला. एल्बोत पाइप दाबून, पिळून, काढून दाखवला. चिकटवायचं सोल्युशन न लावता बसतो, फक्त गळणार. गळू दे म्हटलं. मग माझ्या यादीत नसलेला एक बॉल व्हॉल्व्ह त्याने आपणहून पिशवीत टाकला. "बंद-चालू करता नाही आलं तर पोरगा दोन दिवसांत कंटाळेल. आणि युनियन न्या एक, उघडून परत लावता येतं." मी पंचेचाळीस अंशाचा एल्बो परत ठेवत होते, तर त्याने तो माझ्या हातातून घेऊन पुन्हा आत टाकला.

घरी येऊन सगळं जमिनीवर मांडलं आणि जोडून बघत बसले. जेवायची वेळ टळून गेली. हे सगळं गुंडाळायचं कसं याचा मात्र अजून पत्ता नाही, रंगीत कागद पाइपांवर तिसऱ्यांदा फाटला. फोटो काढून भावाला पाठवला. लगेच उत्तर आलं: "ताई, पाणी फक्त गच्चीवर. आणि ते सोल्युशन आणलंस तर दारातूनच परत." खाली भावजयीचा वेगळा निरोप होता, टॉर्च त्याच्याकडे आहे, पाना नाही.